पुणे ते पणजी सायकलवर, मुलींच्या चाळीस सायकलींसाठी: मार्ग, तयारी आणि मुख्य म्हणजे पैसे कसे मागायचे?

मध्यमगती | ९ ऑक्टोबर २०२३, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

वय ४३, बँकेत नोकरी, दोन वर्षांपासून सायकल चालवतो. मागच्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) केली. मर्यादा साडेतेरा तासांची, मी १२ तास ४० मिनिटांत पोचलो, म्हणजे आयडीला जागलो. आता जानेवारीत पुणे ते पणजी एकट्याने करायचं मनात आहे. हायवेने कोल्हापूर-आंबोली असं नाही, ताम्हिणीने कोकणात उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने. सव्वासहाशे किलोमीटर, सहा दिवस.

नुसतं जाऊन येण्यापेक्षा त्यातून काही व्हावं असं बायकोने सुचवलं. भोर तालुक्याच्या पश्चिमेला, हिरडस मावळात, एका शाळेत मुली रोज चार-पाच किलोमीटर चालत येतात. तिथे काम करणारा एक छोटा नोंदणीकृत न्यास काकांच्या ओळखीचा आहे (नाव इथे देत नाही, हवं असल्यास व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करा). ४० सायकली घेऊन द्यायच्या, अंदाजे अडीच लाख रुपये.

मार्ग आणि तयारीबद्दल सल्ला हवाच आहे. पण खरी अडचण वेगळी आहे. मला पैसे मागता येत नाहीत. बँकेत दुसऱ्यांच्या कर्जाची वसुली केली, पण स्वतः कुणापुढे हात पसरायचा म्हटलं की घशाला कोरड पडते. हे कसं करतात?

---

उतारावरचा | ९ ऑक्टोबर, रात्री ११:१५

जबरी बेत! गिअर कुठले आहेत ते आधी सांग. मागे ११-२८ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) असेल तर बदल, ११-३४ घाल. कोकण नकाशात सपाट दिसतं, नकाशावर जाऊ नकोस.

---

सड्यावरची | १० ऑक्टोबर, सकाळी ७:०५

आमच्याकडचा रस्ता म्हणजे काय ते सांगते. खाडीपाशी समुद्राच्या पातळीला असता. मग चढ, दीड-दोन किलोमीटर, नागमोडी, मान वर करून बघायला लागेल असा. तो संपला की सडा, म्हणजे माथ्यावरचं उघडं कातळ. सड्यावर जांभा, करवंदीच्या जाळ्या आणि ऊन, सावली औषधाला नाही. सडा संपला की उतार, उतार संपला की पुढची खाडी. हे दिवसातून चार-पाच वेळा. घाट एकदा चढलात की झाला, किनारा रोज नव्याने चढायला लावतो.

फेरीबोटी चार लागतील: बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड आणि शेवटी तेरेखोल-केरी. शेवटची फेरी पकडायच्या भरवशावर दिवस आखू नका. तेरेखोलची ओहोटीला थांबते कधीकधी, तेव्हा तासभर हातचा ठेवा.

आणि राहायची चिंता करू नका. गुहागर ते रत्नागिरी कुणीही ताट वाढेल. मागायला लागत नाही हो, तुमच्या सायकलकडे बघूनच विचारतात.

---

तर्कटराव | १० ऑक्टोबर, सकाळी ९:३०

एक बाळबोध शंका. सहा दिवसांची रजा, राहणं, खाणं, परतीचा प्रवास, नवी कॅसेट. धरा पंधरा-वीस हजार. ते थेट शाळेला दिले तर तीन सायकली आत्ताच येतात आणि तुमचे गुडघेही वाचतात. तुम्ही गोव्याला जाण्याचा आणि मुलींना सायकल मिळण्याचा कार्यकारणभाव काय? "मी सहल करतो, तुम्ही दान करा" याला आमच्यात वेगळा शब्द आहे. (ह. घ्या.)

---

मध्यमगती | १० ऑक्टोबर, दुपारी १:५०

@तर्कटराव, हलकं घेतलं तरी टोचलं, कारण हाच प्रश्न मलाही पडलाय. एवढं नक्की की प्रवासाचा एक रुपयाही देणगीतून जाणार नाही. तो खर्च माझा. आलेले सगळे पैसे सायकलींना.

---

रेडिंगकर | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

इथे इंग्लंडात हे इतकं रुळलेलं आहे की तुमचा प्रश्नच कुणाला कळणार नाही. ऑफिसात दर महिन्याला कुणीतरी पळत असतं, पोहत असतं, नाहीतर डोक्याचा गोटा करत असतं. आपण दहा पौंड टाकायचे, पुढच्या वर्षी तो आपल्याला टाकतो. लंडन ते ब्रायटन सायकलफेरी १९७० च्या दशकापासून चालू आहे, हृदयरोगाच्या संशोधनासाठी. ५४ मैल. मी एकदा केली. शेवटी शेवटी डिचलिंग बीकन नावाचा एक चढ येतो. निम्मे लोक उतरून चालतात आणि त्यांचे पैसे कुणी परत मागत नाही. शिवाय इथे कर भरणाऱ्याने 'गिफ्ट एड'वर खूण केली की प्रत्येक पौंडामागे सरकार २५ पेन्स वर घालतं.

तर्कटरावांच्या शंकेला माझ्यापुरतं उत्तर: माणूस कामासाठी पैसे देतच नाही, ओळखीच्या माणसाला देतो. सायकल हे निमित्त. निमित्ताशिवाय फोन करून "भोरच्या मुलींना पैसे दे" असं कोण म्हणणार?

---

नाना_निवृत्त | ११ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

चि. मध्यमगती, आशीर्वाद.

मागण्याची लाज वाटते हे वाचून गंमत वाटली. आपल्याकडे माधुकरी मागून शिकलेली एक अख्खी पिढी होऊन गेली. महर्षी कर्वे हिंगण्याच्या माळावरून रोज पायी फर्ग्युसनला गणित शिकवायला यायचे आणि उरलेल्या वेळात आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडायचे. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी नवं मंडळ काढलं आणि पुन्हा झोळी खांद्याला लावली. तेव्हा ४३ म्हणजे काहीच नाही.

सायकलचं म्हणाल तर १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांची 'भारत जोडो' कन्याकुमारीहून निघाली, काश्मीरपर्यंत. तरुण मुलंमुली सायकलवर आणि बाबा पाठीच्या दुखण्यामुळे गाडीत आडवे. तीन वर्षांनी पुन्हा अरुणाचलपासून गुजरातपर्यंत. तो पैशासाठीचा प्रवास नव्हता, विषय देश सांधण्याचा होता. पण सायकलवरून आलेल्या माणसाशी गावातले लोक थांबून बोलतात. मोटारीतून उतरलेल्याशी बोलतातच असं नाही.

माझे ₹२,००१ धरावेत. धनादेश चालेल का?

---

ताळेबंद | ११ ऑक्टोबर, सकाळी ११:००

पेशाने सीए, त्यामुळे गोडगोड बोलणार नाही.

पहिली गोष्ट, पैसे स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. एक रुपयासुद्धा नको. न्यासाच्या खात्याचा क्यूआर फिरवा. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणं हा सार्वजनिक न्यास कायद्याखाली येणारा विषय आहे. गणेश मंडळं उत्सवाआधी ४१-क ची परवानगी काढतात ती उगाच नाही. शिवाय तुम्ही बँकेत आहात. खात्यात अचानक दोनशे लोकांचे पैसे येऊ लागले की तुमचेच सहकारी तुम्हाला प्रश्न विचारतील.

दुसरं, न्यासाकडे १२-ए आणि ८०-जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आहे का ते कागद बघून खात्री करा, "आहे म्हणाले" चालत नाही. ८०-जी असेल तर देणगीदाराला साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही मर्यादेत. रोख ₹२,००० च्या वर दिलेत तर वजावट शून्य. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन हे न्यासाने घेतलंच पाहिजे, कारण न्यासाला विवरण भरून १०-बीई प्रमाणपत्र द्यायचं असतं, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत. आणि ज्यांनी नवीन करप्रणाली घेतली आहे त्यांना ८०-जी चा काही उपयोग नाही, तेव्हा "टॅक्स वाचेल" हे आमिष सरसकट दाखवू नका.

नाना, धनादेश न्यासाच्या नावे काढा, उत्तम.

---

न्यूजर्सीची_जाई | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४५

मस्त उपक्रम! मला २०० डॉलर द्यायचे आहेत. अमेरिकन पासपोर्ट, ओसीआय कार्ड आहे. पुण्यात भावाला पाठवते, तो देईल, चालेल ना?

---

ताळेबंद | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

नाही चालणार. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण नागरिकत्व बदललं की तुम्ही कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत, ओसीआय असलात तरी. एफसीआरएची (विदेशी देणगी कायद्याची) नोंदणी नसलेल्या न्यासाने ते पैसे घ्यायचे नसतात. भावाच्या खात्यातून फिरवून देण्याची युक्ती तर मुळीच नको. तुमचे १६ हजार येतील आणि न्यासाचं घोंगडं कायमचं अडकेल.

---

न्यूजर्सीची_जाई | १२ ऑक्टोबर, रात्री ८:३०

अरे देवा. बरं झालं विचारलं. मग मी पैशाऐवजी भावालाच कामाला लावते, तो स्वतःचे देईल. :)

---

हिरडस_मास्तरीण | १४ ऑक्टोबर, रात्री ९:००

नमस्कार सर. हा धागा मला एका मैत्रिणीने पाठवला. तुमच्या धाग्यातली शाळा आमच्या शेजारच्या खोऱ्यातली असावी, पण परिस्थिती तीच. मी चौदा वर्षं या भागात शिकवते. तुमच्या भावनेबद्दल आदर ठेवून काही गोष्टी लिहिते, राग मानू नका.

आमच्या मुली ज्या वाड्यांतून येतात त्या डोंगराच्या पोटात आहेत. वाडीवरून डांबरी सडकेपर्यंत पाऊलवाट आहे, दगडांची. त्यावरून सायकल जात नाही, शेळी जाते. धरणाच्या पाण्याने जुन्या वाटा बुडाल्या, त्यामुळे सडकेने वळसा मोठा पडतो, तिथे सायकल नक्की उपयोगी आहे. म्हणजे सायकल खाली सडकेच्या कडेला कुणाच्या तरी पडवीत ठेवायची, मुलीने वाडीवरून उतरून यायचं आणि तिथून पुढे सायकलने. पडवी कुणाची, हे आधी ठरवा. मागे एका कंपनीने सायकली वाटल्या होत्या. फोटो छान आले. दोन पावसाळ्यांनी गेले तर अर्ध्या सायकली गोठ्यात पालथ्या, कारण पंक्चर काढायला भोरला न्यावी लागते आणि एसटीत सायकल चढवून कोण नेणार?

सायकल कशी घ्यायची तेही सांगते. गिअरची नको. कॅरिअर हवा, स्टँड भक्कम हवा, चेनला पूर्ण कव्हर हवं. मागच्या चाकाला जाळी हवीच हवी, ओढणी अडकते. आणि वाटप करू नका. सायकली शाळेच्या नोंदवहीत राहू देत, मुलीला दहावीपर्यंत वापरायला, मग पुढच्या मुलीला. नाहीतर ती मोठ्या भावाची होते.

सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांत मुलींना सायकली मिळतात. आपल्या न्यासाने त्या यादीशीही ताडून बघावं, म्हणजे एकीला दोन आणि एकीला शून्य असं होणार नाही.

---

तर्कटराव | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मास्तरीणबाई, साष्टांग दंडवत. एवढ्या धाग्यात पहिल्यांदा कामाचं कुणी बोललं.

---

मध्यमगती | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

ताई, राग कसला. रात्री दोनदा वाचलं. मी सायकलवाला असूनही पाऊलवाट, पडवी, पंक्चर यातलं काहीच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डोक्यात होता तो हार घातलेल्या चाळीस सायकलींच्या रांगेचा फोटो. रविवारी न्यासाच्या माणसाबरोबर शाळेत जाऊन येतो.

---

मध्यमगती | २३ ऑक्टोबर, रात्री १०:००

जाऊन आलो. गरज असलेल्या मुली ४१ निघाल्या. सडकेवर तीन ठिकाणी पडव्या ठरल्या, त्यातली एक पिठाच्या गिरणीची. न्यास दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवणार, शाळेत पंप आणि पंक्चरचं साहित्य. जाळीवाली सायकल भोरच्या दुकानात ₹५,८०० ला मिळते आहे. तेव्हा उद्दिष्ट वाढवून पावणेतीन लाख केलंय.

कागद ताळेबंद यांना व्यनिने पाठवले, त्यांनी मान डोलावली.

---

उतारावरचा | २४ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

आता जरा सायकलबद्दल बोलूया का? ;)

सीटची उंची नीट करून घे, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट खाली आहे असं समज. पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नाही, हे कुणी सांगत नाही आणि दुसऱ्या दिवशी माणूस बदकासारखा चालतो. घासतं तिथे पेट्रोलियम जेली नाहीतर सरळ खोबरेल. ताम्हिणीच्या उतारावर ब्रेक दाबून धरू नकोस, रिम तापते. पुढचा-मागचा आलटून पालटून, दाबला-सोडला, दाबला-सोडला. निघायच्या आधी नवीन ब्रेक पॅड टाक आणि एक जोडी पिशवीत ठेव.

सराव: शनिवारी लांब, रविवारी पुन्हा लांब. थकलेल्या पायांनी सकाळी खोगिरावर बसण्याची सवय हवी. एकदा २०० करणं आणि सहा दिवस रोज शंभर करणं यात फार फरक आहे. सिंहगड नाही, कात्रज जुना घाट दोनदा कर, कोकणाच्या जवळ जाणारं तेच.

---

सड्यावरची | २४ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताय ते बरोबर आहे. भूगोलात खारे वारे-मतलई वारे पाठ केलेत ना? जानेवारीत दुपारी खारा वारा सुटतो तो वायव्येकडून. म्हणजे तुमच्या पाठीला, निदान कुशीला. गोव्याहून वर येणारे सायकलवाले दुपारी रडकुंडीला आलेले असतात.

माणगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडाल तेवढाच. त्या रस्त्याबद्दल बोलायला वेगळा धागा लागेल, २०११ पासून काम चालू आहे.

---

मध्यमगती | १९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

सराव बरा चाललाय. मागण्याचा सराव अजिबात नाही.

दिवाळीत सुरुवात केली. आधी स्टेटस ठेवलं, सुंदर पोस्टर, मुलीने बनवलेलं. ग्रुपांवर टाकलं. अंगठे आले, फुलं आली, "ग्रेट वर्क सर" आलं. पैसे आले तीन जणांचे, त्यातली एक माझी आई.

मग रेडिंगकरांचं ऐकून यादी केली, ६८ नावं. काल संध्याकाळी पहिल्या फोनला बसलो. समोर शाळेतला मित्र, माझ्याहून पैसेवाला, देईलच अशी खात्री. तरी चाळीस मिनिटं फोन हातात घेऊन गॅलरीत फिरलो. झाडांना पाणी घातलं. लावला तेव्हा इकडचं तिकडचं बोललो, त्याच्या वडिलांच्या मोतीबिंदूपर्यंत, आणि फोन ठेवून दिला. मागितलंच नाही.

---

रेडिंगकर | २० नोव्हेंबर, दुपारी ३:००

हाहा, सगळ्यांचं होतं. पहिल्या वाक्यात सांगा. "तुझ्याकडे पैसे मागायला फोन केलाय, भोरच्या शाळेतल्या मुलींच्या सायकलीसाठी. एका सायकलीला ५,८०० लागतात. जमेल तेवढे दे." मग गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड. आपण घाबरून लगेच "नाही जमलं तरी चालेल रे" म्हणतो आणि समोरचा सुटतो.

---

नाना_निवृत्त | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१५

नकार आला तर तो कामाला दिलेला नकार समजावा, आपल्याला नव्हे. आणि पावती त्याच दिवशी पोचती करावी. वर्गणी गोळा करणाऱ्याची पत पावतीवर असते.

---

मध्यमगती | १० डिसेंबर, रात्री १०:१०

५२ फोन झाले. दहाव्या फोननंतर घसा कोरडा पडायचा थांबला. एकाने चांगलंच झापलं, "अठरा वर्षांनी आठवण झाली ती पैशासाठी?" बरोबरच होतं त्याचं. माफी मागितली, अर्धा तास बोललो, त्याने एका सायकलचे दिले आणि निघताना फोन कर म्हणाला. दुसऱ्या एका खूप जवळच्याने "बघतो" म्हटलंय. त्याचं "बघतो" मला गेले तीन आठवडे बोचतंय, हे मात्र खरं.

---

तर्कटराव | १० डिसेंबर, रात्री १०:५५

माझा प्रस्ताव. किलोमीटरला १० रुपये देतो. पण ढकललेले किलोमीटर वजा. प्रामाणिकपणे लिहायचे.

---

मध्यमगती | ६ जानेवारी २०२४, रात्री ८:०५

श्रीवर्धन. १६१ किमी. पहाटे साडेचारला कोथरूड सोडलं, मुळशीपाशी उजाडलं. ताम्हिणीत धुकं, बोटं गारठून ब्रेक दाबेनात. माणगावला मिसळ. म्हसळ्याचा चढ उन्हात आला. ढकललेले: ०.

---

मध्यमगती | ७ जानेवारी, रात्री ९:२०

गुहागर. ११४ किमी. सड्यावरची ताईंना दंडवत, एक शब्दही वाढवून लिहिला नव्हता त्यांनी. केळशीनंतर मोजणं सोडलं. दाभोळच्या फेरीत एक मासेवाल्या मावशी सायकल कुठे न्यायची विचारत होत्या. सांगितलं. त्यांनी पदराच्या गाठीतले पन्नास काढून हातात दिले. न्यासाचा क्यूआर दाखवणार कुणाला? घेतले, माझ्या खात्यातून न्यासाला भरले, पावती 'दाभोळ फेरीतल्या मावशी' अशी करायला सांगितली आहे. ताळेबंद, रागावू नका. ढकललेले: दीड.

---

ताळेबंद | ७ जानेवारी, रात्री ९:३५

पन्नास रुपयांना सूट. पुढे चला.

---

मध्यमगती | ८ जानेवारी, रात्री ९:५०

रत्नागिरी. ९३ किमी आणि तीन पंक्चर. हेदवीनंतर पहिलं, मालगुंडात दुसरं, तिसरं आरे-वारेच्या उतारावर. ट्यूब संपल्या, ठिगळं लावत बसलो. टायरच्या आत बाभळीचा काटा मोडून राहिला होता, तो पहिल्याच वेळी बोट फिरवून काढायला हवा होता. आता मला मास्तरीणबाईंची पालथी सायकल नीट दिसली. माझ्याजवळ पंप होता, ठिगळं होती, दोन वर्षांचा अनुभव होता, तरी रडायला आलं होतं.

गंमत बघा. समुद्राचे इतके फोटो टाकले, कुणी विचारलं नाही. रस्त्याच्या कडेला ट्यूब तोंडाशी धरून हवा कुठून जाते बघतानाचा फोटो टाकला आणि दोन तासांत १९ जणांनी पैसे भरले.

---

सड्यावरची | ८ जानेवारी, रात्री १०:१५

रत्नागिरीत आहात आणि कळवलं नाहीत? उद्या पावसला थांबा, भाऊ घावणे घेऊन येतोय. नाही म्हणायचं नाही.

---

मध्यमगती | ९ जानेवारी, रात्री १०:३०

देवगड. ११८ किमी. घावणे सहा खाल्ले. आडिवऱ्याच्या आसपास मात्र उतरलो, सरळ उतरलो. ढकललेले: अडीच. एक शाळकरी मुलगा शेजारून स्वतःची सायकल ढकलत चालला होता. म्हणाला, "आमी पन हितं उतरतो, सगळेच उतरतत." बरं वाटलं. उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या येतात.

---

उतारावरचा | ९ जानेवारी, रात्री १०:४०

हँडलवर भार टाकून बसू नकोस, हाताची जागा सारखी बदल. मुंग्या आठवडाभर राहतील, घाबरू नको. तशाच राहिल्या तर डॉक्टरला दाखव.

---

मध्यमगती | ११ जानेवारी, दुपारी २:४५

काल वेंगुर्ला, नेट नव्हतं. आज पणजी. तेरेखोलला ओहोटी लागली होती, पन्नास मिनिटं बसलो. एकूण ६३८. ढकललेले ४. तर्कटराव, ६३४ गुणिले १०.

मांडवीच्या पुलावर काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. भूक लागली होती.

---

तर्कटराव | ११ जानेवारी, दुपारी ३:१०

६,३४० भरले. पावती आली.

---

मध्यमगती | २५ फेब्रुवारी २०२४, सकाळी ११:००

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

जमा २,८७,४५० रुपये, १९३ लोकांकडून. त्यातले फोनवरून मागितलेले: ६८ पैकी ५१ जणांनी दिले, १,६४,०००. ऑफिसातून २१ जण, २८,०००. या धाग्यावरून ३८ जण, ४६,४५०. प्रवास चालू असताना फोटो बघून ७४ जण, ४१,५००. स्टेटस आणि ग्रुपांवरून, सहाशेच्या वर लोकांनी बघून, ९ जण, ७,५००.

खर्च: ४१ सायकली, २,३७,८००. टेम्पो आणि हमाली ८,२००. दोन पंप, पाने, पंक्चरचं साहित्य, सुटे ब्रेक-रबर ११,४५०. उरलेले ३०,००० न्यासाकडे, पुढच्या तीन वर्षांच्या दुरुस्तीला. माझ्या प्रवासाचा खर्च १४,३०० झाला, तो यात नाही.

ज्याने "बघतो" म्हटलं होतं त्याने अजून बघितलेलं नाही. मीही परत विचारलेलं नाही. हे एक राहिलंय.

---

तर्कटराव | २५ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

माझं मूळ मत कायम आहे, गोव्याला जायची गरज नव्हती. हे फोन घरी बसूनही झाले असते. पैसे मी दिले ते असा हिशेब मांडणार हे दिसत होतं म्हणून.

---

मध्यमगती | २५ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

झाले असते. पण मी केले नसते, इतकंच.

---

नाना_निवृत्त | २५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

हिशेब वाचून समाधान झाले. पुढल्या वर्षी कुठे? माझे ₹२,००१ आत्ताच धरावेत.

---

हिरडस_मास्तरीण | २१ जुलै २०२४, रात्री ८:३०

सर, शेजारच्या शाळेत परवा प्रशिक्षणाला गेले होते, तेव्हा तुमच्या सायकली बघून आले. ४१ पैकी ३८ रोज येतात. दोन गंजल्यात, त्यांना तेल पाणी हवं. एक मुलगी लग्न होऊन गेली, तिची सायकल नोंदवहीप्रमाणे परत आली आहे. पंक्चर आता तिथल्या मुलीच काढतात, नववीतल्या दोघी तरबेज झाल्यात.

एकच अडचण. आमच्याकडचे उतार आणि हा पाऊस, ब्रेकची रबरं महिन्याभरात झिजतात. तुम्ही दिलेली सुटी रबरं संपली. मुली पाय टेकवून सायकल थांबवतात, चपला फाटतात.

---

मध्यमगती | २१ जुलै, रात्री ९:१०

ताई, रविवारी येतो. रबरांच्या साठ जोड्या आणतो. ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा-सोडायचा, तेही दाखवतो.

---

हिरडस_मास्तरीण | २१ जुलै, रात्री ९:२५

या. येताना पंधराचा पाना आणा, शाळेतला हरवलाय. आणि घाटात दरड आलीये, सायकलने येऊ नका, एसटीने या.